हजेरीच्या मशीनला न दिसलेली ताई

त्या वर्षांत सगळं सगळ्याला जोडायचं चाललं होतं. आधार बँकेला, बँक मोबाईलला, मोबाईल रेशनला. आमच्या शाळेनं शिक्षकांचे चेहरे हजेरीला जोडले. बुऱ्हाणपुरातली ती एक लहानशी खासगी शाळा. मी तिथे ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे आणि माझी थोरली बहीण तिसरीच्या वर्गाला शिकवायची. तिची तिथे अठरा वर्षं झाली होती. मला ती नोकरी तिनंच लावून दिली होती.

मशीन दारातल्या भिंतीवर बसवलं. समोर उभं राहायचं, चेहऱ्याभोवती हिरवा चौकोन यायचा आणि एका बाईचा आवाज म्हणायचा, "धन्यवाद." सगळ्यांचे चेहरे त्यात भरायचं काम माझ्याकडे होतं. ताईचा फोटो मला चार वेळा घ्यावा लागला. मला वाटलं, दारात उजेड कमी पडतोय.

पहिल्याच सोमवारी मशीन तिला म्हणालं, "चेहरा पहचाना नहीं गया. कृपया पुनः प्रयास करें." ताई हसली. चष्मा काढून पुन्हा उभी राहिली. पुन्हा तेच. मागे रांग लागली.

"जाऊ दे गं, तू रजिस्टरमध्ये लिही ना माझं नाव," ती मला म्हणाली.

पण रजिस्टर बंद झालं होतं. आठवड्यातून दोन-तीन दिवस मशीन तिला घ्यायचं, बाकीचे दिवस नाही. ज्या दिवशी घ्यायचं नाही त्या दिवशी ती गैरहजर. तिच्या वर्गातले पाढे मला ऑफिसात ऐकू यायचे आणि माझ्या स्क्रीनवर तिच्या नावापुढे लाल अक्षरांत 'अनुपस्थित' असायचं.

असं आणखी दोघींचं व्हायचं. एक शाळेत पाणी भरणाऱ्या मावशी, दुसऱ्या पाचवीच्या बाई. तिघीही काळ्या. हे मला पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं. तरी मी कुणाला बोलले नाही. का बोलले नाही, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आमच्या घरात ताई काळी होती. 'सावळी' हा शब्द आई फक्त पाहुण्यांसमोर वापरायची. मी वडिलांवर गेलेली, गोरी. ताई तेवीस वर्षांची असताना नेपानगरचं स्थळ आलं. मुलगा कागदाच्या कारखान्यात नोकरीला. आईनं ताईच्या तोंडावर पावडरचे थर चढवले. घाईत मानेला लावायचं राहून गेलं. ताई पोहे घेऊन बाहेर गेली. मी फक्त पाण्याचे ग्लास उचलायला गेले होते. दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी पसंत आहे, धाकटी.

वडील त्या दिवशी जेवले नाहीत. शेवटी ताईच म्हणाली, "चांगलं स्थळ आहे. तिचं करून टाका."

मी वीस वर्षांची होते. नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला मनातून आनंद झाला होता. लग्नात मला पहिली हळद ताईनंच लावली. त्यानंतर तिनं स्वतःला कुणाला बघू दिलं नाही. पावडरचा डबा आईला परत दिला आणि बी.एड.ला नाव घातलं. पुढे माझा नवरा वारला. मी मुलीला घेऊन परत आले, तेव्हा ताईनंच प्रिन्सिपल सरांकडे माझ्यासाठी शब्द टाकला.

अशा बहिणीसाठी मी सरांशी बोलले ती महिन्यानं, आणि तेही दबकत. सर म्हणाले, "मशीन को किसी से क्या दुश्मनी? भेदभाव आदमी करता है. मैडम को बोलो, ठीक से खड़ी रहे."

मशीन बघायला कंपनीचा माणूस आला, त्याला मी विचारलं. माणूस भला होता. "ये फोटो देख-देखके सीखती है, मैडम," तो म्हणाला. "जैसे लोगों के फोटो ज्यादा दिखाए, वैसे लोगों को जल्दी पहचानती है. लाइट बढ़ा दो. नहीं तो चेहरा थोड़ा..." तो अडखळला. "थोड़ा पाउडर-वाउडर." माझा रंग बघून, माझ्याशी असं बोललेलं चालेल, असं त्याला वाटलं असावं. मलाही ते चाललं.

त्या आठवड्यात सरांनी ताईच्या नावे नोटीस काढायला सांगितली. मीच ती टाईप केली. संध्याकाळी नदी ओलांडून जैनाबादला तिच्या घरी गेले. ती वह्या तपासत बसली होती. नोटीस तिनं वाचली आणि घडी करून वहीखाली ठेवली.

"ताई, एक करून बघ ना," मी म्हटलं. "थोडी पावडर लावून ये. मशीनपुरती."

तिनं लाल पेनला टोपण लावलं.

"तू सांगतेस हे?"

"नोकरी जाईल गं तुझी."

तिनं तपासलेल्या वह्या एकावर एक रचल्या. मग म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी ती पावडर लावून आली. मशीननं पहिल्या फटक्यात "धन्यवाद" म्हटलं. मी ऑफिसच्या दारातून बघत होते. मला हायसं वाटलं, हे मी लपवणार नाही. ताई माझ्याकडे न बघता वर्गात गेली. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी ती नेहमीसारखी आली, मशीनसमोर थांबलीसुद्धा नाही, आणि राजीनामा माझ्या टेबलावर ठेवला. कारण लिहिलं होतं, घरगुती.

"माझ्यानं आता तिथं उभं राहवत नाही," ती म्हणाली. "राग नाही माझा कुणावर. दमले."

तो दिवस तिनं वर्गात पूर्ण केला. निरोप समारंभ नको म्हणाली.

सोडून गेलेल्यांची माहिती मशीनमधून काढून टाकायचं कामही माझंच. तिचं नाव उघडलं तेव्हा कळलं, ओळखलं नाही त्या प्रत्येक वेळचाही फोटो ते ठेवून देत होतं. शंभराच्या वर फोटो होते. पहिल्यांत ताई हसते आहे. मग चष्मा हातात. मग मागे वळून रांगेतल्या कुणाला तरी 'तुम्ही पुढे व्हा' म्हणते आहे. नंतरच्या कितीतरी फोटोंत ती सरळ बघते आहे, तोंड घट्ट मिटलेलं, वर्गात पोरांपुढे कधीच नसायचं तसं. शेवटच्या तीन दिवसांच्या फोटोंत पावडर होती. मानेलाही लावली होती, अगदी नीट.

ते फोटो मी सरांना दाखवले. त्यांनी बरेच बघितले आणि स्क्रीनवरून नजर काढली. मावशींसाठी आणि पाचवीच्या बाईंसाठी दुसऱ्या दिवसापासून रजिस्टर परत सुरू झालं. एवढ्यावर भागलं. पहिल्या आठवड्यात दाखवायला गेले असते तर तेव्हाही भागलं असतं.

रविवारी मी जैनाबादला गेले. ताई भाजीसाठी कच्ची केळी सोलत होती. मी फोटोंचं सांगितलं.

"फोटो काढत होतं का ते?" ती म्हणाली. "मला सांगायचं ना आधी." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कशी दिसत होते?"

"छान."

ती चिकानं काळी झालेली बोटं तेलानं पुसत राहिली. मग माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं.

मी माफी मागायला गेले होते. मागितली नाही. तिनं ती लगेच देऊन टाकली असती आणि मला ते सोसलं नसतं. आता ताई घरीच आजूबाजूच्या चार-पाच मुलांना शिकवते. आमचं येणं-जाणं आहे, सणावाराला एकत्र जेवतो. पण पूर्वी दिवसभरातलं बारीकसारीक सगळं मला सांगायची, तसं आता काही सांगत नाही.