जपानची लेन्स आणि आईचं कुंकू

आमच्या परंड्याच्या बाजारात बैल घेताना आधी दात बघतात, मग चालवून बघतात, मग शेपटीला हात घालून बघतात. आणि एवढं करूनही घरी आल्यावर बैल मारका निघतो. त्यामुळे जपानमधल्या एका अनोळखी दुकानदाराकडून, नुसते फोटो बघून मी जुनी लेन्स मागवतोय असं सांगितल्यावर चाचांनी हातातला चहा खाली ठेवला. म्हणाले,

"बेटा, बैल मारका निघाला तर त्या माणसाच्या दारात जाऊन भांडता तरी येतं. जपानला कोन्ती यष्टी जाते रे?"

चाचा म्हणजे परंड्यातल्या आमच्या फोटो स्टुडिओचे मूळ मालक. मी कॉलेजच्या फॉर्मसाठी फोटो काढायला त्यांच्याकडे गेलो होतो, तो तिथंच रमलो. सुट्टीत त्यांच्या हाताखाली काम केलं, आणि बी.ए. झाल्यावर त्यांनी मला अर्ध्या भागीत घेतलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पदवीचा फोटोसुद्धा चाचांनीच काढला. पैसे घेतले नाहीत, वर पेढे त्यांनीच वाटले.

लेन्सचा विषय निघाला तो आमच्या इंग्रजीच्या सरांमुळे. गावच्या हायस्कुलात त्यांनी मला शिकवलं, कॉलेजात नाव घालायला स्वतः बरोबर आले, आणि माझ्या वडिलांना "पोराला दोन वर्षं शेतात बोलवायचं नाही" अशी तंबी दिली. आज मी जो काही आहे त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. तर त्या सरांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि फोटोचं काम त्यांनी मला दिलं. त्यांचे मेव्हणे पुण्याचा फोटोग्राफर आणायचा म्हणत होते. सरांनी ऐकलं नाही. फक्त एक अट घातली.

"फ्लॅश मारायचा नाही. पोरीला अर्धशिशी आहे. लख्खकन उजेड पडला की तिचं डोकं दोन दिवस उठतं. स्वतःच्या लग्नात तिनं डोळे मिटून बसायचं का?"

मी "नाही मारणार सर" म्हणून मोकळा झालो. लग्न गोरज मुहूर्तावर, भूमच्या एका कार्यालयात. म्हणजे सूर्य गेलेला, आणि वर सजावटीचे जांभळे दिवे. माझ्याकडच्या लेन्सनं त्या उजेडात बिनफ्लॅशचा फोटो काढला तर नवरा कोणता आणि नवरी कोणती हेही कळलं नसतं. मोठ्या तोंडाची, भरपूर उजेड आत घेणारी लेन्स पाहिजे होती. सोलापूरला चौकशी केली. नवीन लेन्सचा भाव ऐकून मी दुकानदाराकडे पाणी मागितलं.

तीच लेन्स, जुनी पण जपलेली, जपानमधून निम्म्या भावात मिळत होती. टपालखर्च आणि इथं भरायची कस्टमची ड्युटी धरली तरी बरेच पैसे वाचत होते. धोकेही मी मांडून बघितले. इथं वॉरंटी नाही, बिघडली तर दाद मागायला कोणी नाही, काचेत बुरशी असली तर फोटोत दिसत नाही, आणि वाटेत आपटली तर संपलं. पण त्या दुकानदाराची मालाचं वर्णन करायची रीत मला फार आवडली. त्यानं लिहिलं होतं की आत धुळीचे दोन कण आहेत, कड्याला केसाएवढा ओरखडा आहे, टोपणावरचं एक अक्षर पुसट झालं आहे. प्रत्येकाचा जवळून काढलेला फोटोही होता. मी ते चाचांना वाचून दाखवलं.

"आपला माल विकताना स्वतःहून एवढे ऐब सांगणारा माणूस एक तर साधू असतो, न्हायतर पक्का चोर," चाचा म्हणाले. "बघ बाबा. तुझी मर्जी."

पैसे भरले. मग रोज दुकान उघडताना चाचांचा एकच प्रश्न: "नवरी कुठवर आली?" मी मोबाइलवर बघून सांगायचो. विमानात बसली. मुंबईला उतरली. तपासणीला थांबली. तपासणीत ती चांगलीच रेंगाळली, तेव्हा चाचांनी येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांनाही सांगायला सुरुवात केली. लायसनच्या फोटोला आलेला माणूस आधी लेन्सची खबर विचारायचा आणि मग केस विंचरायचा.

अखेर पोस्टमनमामा आमच्या गावात घरी खोकं घेऊन आले. मी ड्युटीचे पैसे मोजून दिले. खोक्यात खोकं, त्यात फुग्यांचा कागद, त्यात कापड. आमच्याकडं अंडीसुद्धा एवढ्या मायेनं कोणी बांधत नाही. लेन्स नव्यासारखी होती. कॅमेऱ्याला लावली, अंगणात पहिला फोटो काढला, आणि तो इतका सुरेख आला की मी एकटाच हसलो.

दहावा-बारावा फोटो काढताना आतून करकर आवाज आला. लेन्स आपोआप फोकस करता करता पुढंमागं झाली आणि मधेच थांबली. बंद करून चालू केली की थोडा वेळ चालायची, परत अडायची. हातानं कडं फिरवून फोकस केला तर काही तक्रार नव्हती, पण तसं करायची मला सवय नव्हती. मी लगेच दुकानदाराला लिहिलं. त्याचं उत्तर संध्याकाळच्या आत आलं: फार दिलगीर आहे, माल ज्या स्थितीत मिळाला त्या स्थितीत परत पाठवा, सगळे पैसे देतो.

हा माणूस चोर नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की लेन्स फळीवर ठेवून मी सकाळी दुकानात निघून गेलो. परतीचं कसं करायचं ते पोस्टात विचारलं आणि दुपारी ती बांधायला घरी आलो.

लेन्स फळीवर नव्हती. देवापुढं पाट होता, पाटावर लाल खण, खणावर लेन्स उभी. पुढं विडा, फोडलेला नारळ, उदबत्ती. टोपण बाजूला काढून ठेवलेलं, आणि काचेच्या बरोबर मधोमध ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट. वर अक्षता. वर नारळाचं पाणी.

"थांब, परसाद देते," आई म्हणाली.

"आई, काचंवर कुंकू लावलंस?"

"मग कुठं लावू? टोपी काढली म्या आधी. टोपी घातलेल्याला कुंकू कसं लावत्यात?"

"अगं, ती बिघडलीय. माघारी पाठवायचीय."

"बिघडंलच की! काल आल्या आल्या हात घातलास. म्या म्हणत व्हते, आधी पाया पड. तुझ्या फटफटीला पूजा केली, पान्याच्या मोटारीला केली, शिलाई मशीनला केली. त्यातलं काय माघारी गेलं का सांग."

यातलं खरंच काही माघारी गेलं नव्हतं. मी प्रसाद खाल्ला.

लेन्स रुमालात गुंडाळून परंड्याला पळवली. चाचांनी रुमाल उघडला, बघितलं, आणि खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"जपानची पोरगी! तिला सवाशीण करून माहेरी पाठवतोय व्हय रे? आता ती आपल्याच घरची झाली."

मग त्यांनी फुंकणी, मऊ ब्रश आणि कापूस घेतला. आधी अक्षता आणि सुकं कुंकू उडवलं, मग कापसाच्या बोळ्यानं काच मधून कडेला पुसत आणली. काच स्वच्छ झाली. पण नारळाच्या पाण्याबरोबर थोडं कुंकू काच आणि कड्याच्या फटीत उतरलं होतं. तिथं नखाच्या कोरीएवढी लाल रेघ राहिली. फोटोत ती दिसत नव्हती.

"पाठव तशीच," चाचा म्हणाले. "काळ्या कड्यात कोण बघतंय?"

"त्यानं केसाएवढा ओरखडा सांगितला होता, चाचा. त्याला नाही दिसणार होय?"

चाचांनी लेन्स परत उजेडाकडे धरली. "दिसंल," ते म्हणाले. "लिही मग."

आता हे इंग्रजीत लिहायचं कसं? असं काही अडलं की मी एकाच माणसाला विचारायचो, आणि नेमकं त्या सरांना लेन्स बिघडल्याचं कळू द्यायचं नव्हतं. लग्न तोंडावर आलं होतं. त्यांना कळलं असतं तर ते मला काही बोलले नसते, पण रात्रभर जागे राहिले असते, आणि मेव्हण्यांनी पुण्याला फोन लावला असता. मग सरांनी वर्गात सांगितलेलं तेवढं आठवलं, की वाक्य लहान ठेव आणि कोणी काय केलं ते सरळ सांग. मी लिहिलं, 'तुमची लेन्स माझ्या आईनं देवापुढं ठेवली. आमच्याकडं नव्या वस्तूला लाल पूड लावतात. ती तिनं काचेवर लावली. काच पुसली आहे. कडेला थोडा लाल रंग राहिला आहे. फोटो जोडला आहे. आईचा हेतू चांगला होता.'

उत्तर आलं: ते रक्त तर नाही ना, आणि आपल्याला इजा झाली नाही ना?

मी घाईनं कुंकवाच्या करंड्याचा फोटो पाठवला. मग मोठं उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं की त्यांच्या दुकानातही नव्या वर्षाला यंत्रांपुढं कुटलेल्या भाताचा गोल गोळा मांडतात, मात्र काचेवर ठेवत नाहीत. आईला त्यानं नमस्कार सांगितला होता. पुढं दोन मार्ग दिले होते. लेन्स परत पाठवली तर सफाईचा खर्च कापून बाकी पैसे मिळतील. ठेवून घेतली तर बिघाडापोटी बरेच पैसे तो माघारी देईल.

परत पाठवली तर पैसे सुटत होते, पण लग्नाला लेन्स नव्हती. ठेवली तर लेन्स होती, पण फोकस माझ्या बोटांवर. मी चाचांकडे बघितलं.

"आमी काय मशीनला इच्यारून फोकस करत होतो काय?" चाचा म्हणाले. "बोटं हैत की तुला. शिकव त्यांना."

लेन्स ठेवली. त्या दिवसापासून दिवेलागणीला अंगणात माझा सराव सुरू झाला. आई कोंबड्यांना दाणे टाकत चालायची आणि मी कडं फिरवत तिच्या चेहऱ्यावर फोकस धरायचो. पहिल्या दिवशी सगळे फोटो कोंबड्यांचेच स्पष्ट आले. आई कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "माझ्यापरीस ह्याच बऱ्या दिसत्यात." हळूहळू आई दिसू लागली. कडं किती फिरवलं की माणूस किती पावलांवर येतो, हे बोटांना कळायला लागलं. पूर्ण कळलं असं लग्नाच्या दिवशीही म्हणता आलं नसतं.

भूमच्या कार्यालयात मुहूर्ताआधी सरांचे मेव्हणे, म्हणजे नवरीचे मामा, माझ्याच शेजारी उभे राहिले. "जुनीच दिसतीय की मशीन," म्हणाले. सर लांबून माझ्या कॅमेऱ्याच्या माथ्याकडे बघत होते. तिथं फ्लॅश नाही हे बघून त्यांनी मान हलवली आणि पाहुण्यांकडे वळले.

पंगतीचे बरेच फोटो वाया गेले, कारण वाढपी एका जागी थांबत नाहीत. पण बोहल्यावर माणसं हलत नव्हती, आणि लेन्स त्या जांभळ्या अंधारातून चेहरे अलगद उचलत होती. मंगलाष्टकं संपत आली तसे मी तळहात पँटला पुसले. अंतरपाट सरकला, अक्षतांचा पाऊस पडला, मी एकामागून एक चार फोटो घेतले. नवरी आल्यापासून डोळे उघडे ठेवून सगळ्यांकडे बघत होती. जेवायला बसली तेव्हा मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "ताई, डोकं?"

"कुठंय काय?" ती म्हणाली. "दादा, तुम्ही फोटो काढताय का नुसते फिरताय, तेच कळंना मला."

काही दिवसांनी ती माहेरी आली तेव्हा सर तिला घेऊन अल्बमचे फोटो निवडायला दुकानात आले. चाचांनी चहा सांगितला. मी संगणकावर अंतरपाटाचे चार फोटो लावले. पहिल्या तिन्हींत नवरी स्वच्छ होती. चौथ्यात माझं बोट घसरलं होतं. नवरी धूसर, तिच्या मागं उभे मामाही धूसर, आणि त्यांच्या खांद्यापलीकडं सर तेवढे लख्ख. सगळ्यांच्या मुठी मोकळ्या झालेल्या, सरांची मूठ अक्षतांसकट तशीच मिटलेली. डोळे भरलेले.

"सर, हा चुकलाय. काढून टाकतो," मी म्हणालो.

"काढच. मी काय रडत नव्हतो. घाम होता तो. लई उकडत होतं."

"थांबा हो दादा!" सरांची मुलगी खुर्ची ओढून पुढं आली. "फ्लॅश पडला असता तर बाबांनी लगेच मिशी नीट केली असती. आजवर एका फोटोत तरी हे असे दिसलेत का? हाच मोठा करा."

सर पडद्याजवळ वाकले. मग चष्मा काढून पुसत त्यांनी मला विचारलं, "किती मोठा होतो रे हा?"