डब्यावरचं कूट

जुन्या इंदुरातल्या बेबीताई शितोळ्यांचे उपवासाचे लाडू त्यांच्या दारातूनच न्यावे लागत, आणि नेताना त्यांचं ऐकून घ्यावं लागे. राजगिरा किती भाजला, तूप कुठलं, दाण्याचं कूट किती पडलं, ताई सगळं सांगत. नको म्हटलं तरी सांगत. कुणाला मूंगफली, म्हणजे दाणे, सोसत नाहीत असं कळलं, की हातातला डबा परत घेत.

मग घरगुती पदार्थांनाही नियमाची सक्ती आली. नोंदणी करा, डब्यावर जिन्नस लिहा. ताईंनी नाक मुरडलं, घरच्या खाण्याला सरकारी शिक्का कशाला म्हणाल्या. पण त्यांचा मुलगा विक्रांत हटून बसला. नोंदणी झाली की तुकोगंजातल्या दुकानात डबे ठेवता येणार होते. शेवटी ताईंनी जिन्नस सांगितले आणि त्यानं जसेच्या तसे छापले: राजगिरा, साबुदाणा, गूळ, कूट, तूप. मराठी घरात कूट म्हणजे दाण्याचंच, आणखी कशाचं असणार? आता डबा बोलतोय म्हटल्यावर ताईंनी तोंड मिटलं, आणि इथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

एकादशीला सकाळी तुकोगंजातून कुणा मधुरिमाचा फोन आला. डब्यावरच्या नंबरावर लावला होता. बाई भलत्याच खूश होत्या. त्यांच्या लेकीला मूंगफली वर्ज्य. मागे चिक्कीच्या एका तुकड्यानं गळा सुजून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. आता कुठे पोरीला निर्धास्त देता येईल असा लाडू सापडला होता.

"काकीजी, कुट्टू के और लड्डू मिलेंगे क्या?"

कुट्टू? ते तर हिंदी घरांतलं उपवासाचं पीठ. ताईंची नजर समोरच्या डब्यावर छापलेल्या 'कूट'वर गेली.

"बेटी, वो कुट्टू नहीं है. कूट है, मूंगफली का." ताईंनी घाईघाईनं विचारलं. "गुड़िया ने खाया तो नहीं?"



"टिफ़िन में ले गई है, काकीजी. अभी रिसेस होगा."

शाळेत फोन लाव, असं ताई म्हणेपर्यंत लाइन कटली. त्यांनी पुन्हापुन्हा लावला, नंबर एंगेज. असे आणखी किती डबे कुणाकुणाच्या घरी चालले असतील? विक्रांत दुकानातच होता. ताईंनी त्याला फोन केला आणि कारण न सांगताच सगळे डबे आत्ताच्या आत्ता परत आण म्हणाल्या.

तो हसला. "कुठून आणू, आई? दुकानवाले भिया म्हणतायत, ग्यारस आहे ना, एकादशी, सकाळीच सगळे डबे विकून झाले."