मागे काही न ठेवणाऱ्या शिरसाट मॅडम

शिरसाट मॅडम खुर्चीवर बसण्याआधी पर्समधून नॅपकिन काढायच्या आणि माझ्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड पुसायच्या. मग गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवलेला पेन ड्राइव्ह काढून लावायच्या. काम संपलं की पेन ड्राइव्ह परत गळ्यात घालायच्या आणि कीबोर्ड पुन्हा एकदा पुसायच्या. येताना पुसणं मला समजत होतं, वर्कशॉप म्हटलं की धूळ आलीच. पण जाताना कोण पुसतं? मला ते पहिल्या दिवसापासून खटकलं.

महाळुंग्यात माझं फिक्श्चर बनवायचं वर्कशॉप आहे. कंपनीत तयार झालेला पार्ट बरोबर आहे का, हे ज्यात बसवून तपासतात ते फिक्श्चर. मी दुसऱ्याच्या लेथवर उभा राहून शिकलो, मग स्वतःचं शेड घेतलं. मला कुणी काही फुकट दिलेलं नाही, त्यामुळे मीही कुणावर फुकट विश्वास टाकत नाही. मॅडम मूळच्या लातूरकडच्या, राहायला थेरगावला. वय पन्नाशीचं, अंगावर कडक इस्त्रीची साडी, पायात स्पोर्ट्स शूज. स्कूटीवरून या वर्कशॉपमधून त्या वर्कशॉपमध्ये जायच्या आणि ज्याची त्याची ड्रॉइंग करून द्यायच्या.

"मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर मशीनमध्ये टाकून घेऊ का? माणूस आहे आपला," मी म्हणालो होतो.

"काही टाकू नका शेठ. माझं समदं ह्या पेन ड्राइव्हमधूनच चालतंय. काढला की तुमच्या मशीनला पत्ताबी लागत न्हाई."

"चोरीचं आहे का?"

"फुकटचं हाय. तुमी भाजीवर कोथिंबीर मागून घेत असालच की. ती काय चोरी व्हय?"

मी घेतो, म्हणून मशीन चालू करून दिलं.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "आमच्याकडं गावजेवणाला जाताना परत्येक जण आपलं ताट-तांब्या घरनं नेतो. जेवायचं, धुवायचं, उचलायचं. दुसऱ्याच्या दारात खरकटं ठेवायचं न्हाई." त्यामागचं कारण एकदा चहा पिताना त्यांनी सांगितलं. पूर्वी त्या एका वर्कशॉपमध्ये नोकरीला होत्या. तिथल्या कॉम्प्युटरवर त्यांचं नाव कायमचं टाकलेलं. त्या रजेवर असताना दुसऱ्याच कुणीतरी चुकीचं ड्रॉइंग काढलं, माल रद्द झाला, आणि ड्रॉइंगखाली नाव यांचं. "तवापासून ठरवलं, आपण उठलो की आपली सावलीबी संगं न्यायची." पूर्ण झालेलं ड्रॉइंग त्या माझ्या फोल्डरमध्ये ठेवायच्या, एक प्रिंट काढून माझ्या हातात द्यायच्या, बाकी काही नाही. मी ऐकून मान डोलावली. मनात म्हटलं, गोष्ट चांगली आहे, पण खरी कशावरून?

गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीच्या फिक्श्चरचं काम निघालं. ते मिळालं असतं तर पुढची कामं आपोआप आली असती. पार्ट पकडायची एक वेगळी पद्धत मला सुचली होती. एकाच दांड्याने दोन्ही बाजू आवळल्या जातील अशी. मॅडमनी ती कागदावर उतरवली आणि मी कोटेशन दिलं. नंतर भाव ठरवायला कंपनीत गेलो, तर पर्चेसच्या साहेबांनी टेबलावरचा एक कागद माझ्याकडे फिरवला.

"बघा, दुसरी पार्टी हेच देते आहे. तुमच्यापेक्षा कमीत."

तो माझाच दांडा होता. कागदावर नाव कदमचं, म्हणजे आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या वर्कशॉपवाल्याचं. आणि मॅडम कदमकडेही जायच्या.

परतताना माझं डोकं तापलेलं होतं. आधी डांगे चौकातून कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने मशीन पिंजून काढलं आणि म्हणाला, "पेन ड्राइव्ह लावल्याची नोंद आहे भाऊ. बाकी काय केलं, काय नेलं, काहीच दिसत नाही." काहीच दिसत नाही म्हटल्यावर माझा संशय पक्का झाला.

मग मी सापळा लावला. त्याच कंपनीचं पुढचं काम आलं, तेव्हा मॅडमना ड्रॉइंगमध्ये बेसप्लेटला एक बिनकामाचं भोक घालायला सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"हे कशाला शेठ?"

"लागतं."

"न्हाई लागत."

"मी सांगतो ना, घाला!"

त्यांनी घातलं. त्या गेल्यावर मी स्वतः प्रिंटवरचं ते भोक व्हाइटनरने झाकलं आणि त्याची झेरॉक्स कंपनीत पाठवली. आता कदमच्या कागदात भोक आलं तर मॅडम चोर. साधा हिशेब होता.

साहेबांनी पुन्हा कदमचा कागद फिरवला. पुन्हा डिझाइन माझंच, पण भोक नव्हतं. दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं. मला वाटलं, बाई हुशार, तिला भोक खटकलंच होतं, काढूनच दिलं असणार.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. त्या कीबोर्ड पुसत असतानाच मी ओरडलो, "तो पेन ड्राइव्ह इकडे द्या! कदमला काय काय दिलंत ते बघू द्या."

शेडमधली मशीनं चालू होती, तरी सगळी माणसं वळून बघायला लागली. मॅडमनी दोरा गळ्यातून काढला, पेन ड्राइव्ह लावला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी एकेक फोल्डर उघडलं. त्यांची सॉफ्टवेअर होती, फॉन्ट होते, एका देवीचा फोटो होता. ड्रॉइंग एकही नव्हतं. माझं नाही, कदमचं नाही, कुणाचंच नाही.

"दुसरा पेन ड्राइव्ह असेल तुमच्याकडे."

"असंल," त्या म्हणाल्या. "शेठ, कदमचा कागद तुमाला कुणी दाखवला?"

"साहेबांनी."

"मग तुमचा कागद कदमला कुणी दाखवला असंल?"

त्यांनी पर्स उचलली. पेन ड्राइव्ह मशीनलाच होता. मी म्हणालो, "हा राहिला."

"राहू द्या. तपासत बसा."

त्या दिवशी जाताना त्यांनी कीबोर्ड पुसला नाही.

माझा राग अजून गेलेला नाही. तो साहेबांवर आहे, आणि खरं सांगायचं तर मॅडमवरही आहे. 'मी नाही केलं' एवढं म्हणायला काय जात होतं? भांडल्या असत्या तर मीही भांडलो असतो, आणि भांडण संपलं की माणूस चहाला थांबतो. फोन केला, उचलत नाहीत. कदमकडेही जायचं सोडलं म्हणतात. पेन ड्राइव्ह माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. एकदा दुसऱ्या मशीनला लावून पाहिला, तिथेही सगळं तसंच चालू झालं.

परवा साहेबांनी बोलावलं. नवीन काम होतं, चांगलं होतं. बोलता बोलता त्यांनी सवयीने एक कागद माझ्याकडे फिरवला. कुणा नवीन माणसाचं नाव दिसलं. खाली त्याचं डिझाइन होतं, भाव होता. ते बघितलं असतं तर काम माझं होतं. मी कागद टेबलावर पालथा घातला.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"काही नाही," मी म्हणालो. "मी माझं ताट घरून आणलंय."

त्यांना काही कळलं नाही. काम त्या नवीन माणसाला गेलं.