एजवेअर ते ग्लासगो, व्हाया नापास

ग्लासगोला जायचं ठरलं ते एका पत्रामुळे. तिथल्या एका कॉलेजात आफ्रिकेतल्या यादवी युद्धांवर सेमिनार होता आणि माझा पेपर स्वीकारला गेला होता. सोमालियातलं सरकार कोसळून सहा वर्षं झाली होती. तिथून लंडनला आलेल्या बायकांशी बोलून मी तो लिहिला होता. माझ्या सुपरवायझर मार्गारेट ऐकायला येणार होत्या. पेपर टिकला तर पीएच.डी., नाहीतर एम.फिल.वरच थांबायचं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. बाबा लंडनमध्ये बस चालवतात, आई कपड्यांच्या फॅक्टरीत शिलाई करते. बाबांना शिफ्ट होती, तेव्हा आईच म्हणाली, "मी येते. तू बोलतेस तरी काय, बघू दे की."

आम्ही राहतो त्या एजवेअरहून ट्यूबने व्हिक्टोरिया आणि तिथून सकाळचा कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस. ट्रेनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो, पण आठ-नऊ तासांची तयारी ठेवा. डावीकडची सीट धरा, कारण लँकेस्टर मागे पडलं की डोंगर त्याच बाजूला दिसतात. मोटरवेवर कोच थांबतो त्या सर्व्हिसेसमधला चहा घ्या, खायचं मात्र घरून न्या. आमच्याकडे फॉइलमध्ये बटाट्याची भाजी नि पोळ्या होत्या. पुढच्या सीटवरच्या स्कॉटिश आजोबांनी दोनदा मागे वळून पाहिलं, तेव्हा आईने त्यांनाही एक गुंडाळी दिली.

बर्मिंगहॅमच्या पुढे आईने माझा पेपर मांडीवर घेतला. "सोमालिया, अ फेल्ड स्टेट," तिने अक्षरं लावत वाचलं. "फेल्ड म्हणजे?"

"नापास. नापास झालेलं राज्य."

"अगं बाई! परीक्षा कोणी घेतली?"

मला हसू आलं. "आई, तसं नसतं गं. अभ्यासातला शब्द आहे तो."

"असू दे. नापास म्हटलं की तपासणारा आलाच. कोण तो?"

मी व्याख्येचं पान चाळलं, तिथे तपासणाऱ्याचं नाव नव्हतं. आई काचेबाहेर बघत म्हणाली, "मी मॅट्रिकला गणितात नापास झाले होते. तुझ्या बाबांशिवाय कुणाला ठाऊक नाही."

आई सगळ्यांना 'मॅट्रिकपर्यंत शिकले' असं सांगायची. त्या 'पर्यंत'मध्ये काय दडलंय, ते मला तेव्हा कळलं.

"त्या वर्षी माझी आई अंथरुणाला खिळली होती. सहा माणसांचं घर मी चालवत होते. ते कुणी तपासलं नाही."

डावीकडे डोंगर सुरू झाले होते. कार्लाइल येईपर्यंत मी शीर्षकावर पेन्सिल धरून बसले होते.

आमचा मुक्काम सुमनकाकूंकडे होता. त्या आईच्या ओळखीच्या आणि काका तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. जेवताना काकूंनी सहज विचारलं, "तुम्ही कुठवर शिकलात हो?" आई ताटात बघत म्हणाली, "मॅट्रिकपर्यंत."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये आई शेवटच्या रांगेत बसली, साडीवर कोट घालून. माझं वाचून झालं आणि एक वयस्कर प्रोफेसर उठले. "फेल्ड म्हणता, ते कोणत्या मापाने?"

मार्गारेट माझ्याकडेच बघत होत्या. पाठ केलेली व्याख्या तयार होती, पण मी म्हणाले, "काल कोचमध्ये माझ्या आईने विचारलं, ही परीक्षा घेतली कोणी? ते मला सांगता आलं नाही. त्यामुळे आज सकाळी मी शीर्षकातला तो शब्द खोडलाय."

तेवढ्यात हलीमा नावाची एक सोमाली विद्यार्थिनी उठली. "आम्हाला प्रश्नपत्रिका दाखवलीच नाही," ती म्हणाली. "थेट निकाल लावला." हॉल हसला. ती हसली नाही. "बायकांनी बाजार चालवला, शाळा चालवल्या, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. पण माझा भाऊ तशाच एका गावात मारला गेला. सगळं छान चाललं होतं, असंही लिहू नकोस."

मी ते शब्द तसेच्या तसे वहीत उतरवले. मला अजून काय काय शिकायचं आहे, हे तिने शेवटच्या दोन वाक्यांत सांगितलं होतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मार्गारेट म्हणाल्या, "ऑक्टोबरपासून पीएच.डी. पहिला चॅप्टर त्या प्रश्नावर. हलीमाचं म्हणणंही त्यात हवं. आणि तुझी आई कुठेय?" आईने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, "थँक यू, मॅडम" म्हणाली आणि मला हळूच म्हणाली, "त्या जेवल्यात का, विचार."

घरी आल्यावर मैत्रिणी विचारतात, ग्लासगो कसं आहे? लाल-करड्या दगडांची देखणी घरं आहेत, पाऊस आडवा येतो, छत्री नेऊ नका, टोपीचा कोट न्या. पण मी परत आणलं ते खोडलेल्या शब्दाचं पान. बाबांनी ते फ्रिजवर लावलंय.

परवा एजवेअरमध्ये हळदीकुंकू होतं. कुणीतरी आईला विचारलं, "वहिनी, तुमचं शिक्षण किती?"

मी आईकडे पाहिलं. ती ताठ बसली होती.

"मॅट्रिक नापास," ती म्हणाली. "आमची लेक त्यावर अख्खा चॅप्टर लिहितेय."