पाण्याखालची धाकटी

माझी धाकटी बहीण शाळेत जायच्या आधीच गेली. तेव्हा आम्ही आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, घोड नदीकाठच्या एका गावात राहत होतो. वडील तिथल्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आम्ही मूळचे जुन्नरचे, आजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती. त्या गावात मात्र ख्रिस्ती घर आमचं एकच. रविवारी वडील ओट्यावर बसून पवित्र शास्त्र वाचायचे, आई गीत म्हणायची. येणारे जाणारे थांबून ऐकायचे आणि आपल्या कामाला जायचे.

भातलावणीच्या दिवसांत धाकटीला ताप भरला. दोन दिवसांत श्वास जड झाला. घोडेगावच्या दवाखान्यात न्यायला जीप मिळाली, पण अर्ध्या रस्त्यातच ती आईच्या मांडीवर गेली. जीप तशीच मागे फिरली.

तिला ठेवायचं कुठं, हा प्रश्न होता. जुन्नरचं कब्रस्तान लांब, ओढे भरलेले. वडील दारात नुसते उभे होते. शेजारचे एक म्हातारे बाबा होते, त्यांची नातवंडं वडिलांच्या वर्गात होती. ते पुढे आले आणि म्हणाले, "गुरुजी, माझ्या बांधाला हिरड्याखाली जागा हाय. पोरीला तिथं ठिवू. येता-जाता माझी नजर ऱ्हाईल."

गावातल्या माणसांनीच खड्डा खणला. पाऊस थांबल्यावर जुन्नरहून आमच्या चर्चचे पाळकसाहेब एसटीने आले. त्यांनी बांधावर उभं राहून प्रार्थना केली आणि आईला म्हणाले, "ती झोपली आहे, बाई. प्रभू परत येईल तेव्हा तिला हाक मारून उठवील." आईने एवढंच ऐकलं, आणि तेच धरून ठेवलं.

नदीवरच्या धरणाचं काम तेव्हाही चालूच होतं. पाणी येणार, पाणी येणार, असं माणसं इतकी वर्षं बोलत होती की कुणाला ते खरं वाटत नव्हतं. मग एका उन्हाळ्यात घरांचे वासे उतरवायला सुरुवात झाली. काही घरं डोंगराच्या अंगाला वर सरकली, काही पार खाली पूर्वेला गेली. शाळा बंद झाली आणि वडिलांची बदली नारायणगावजवळ झाली.

सामान बांधताना वडील आईला म्हणाले, "पोरीला इथं ठेवून कसं जायचं? जुन्नरला नेऊ. पाळकसाहेबांशी बोलतो मी."

आई भांडी पोत्यात भरत होती. ती थांबली. "नको," म्हणाली. "मी तिला एकदा झोपवलंय. आता उठवायची ती त्यानंच."

वडिलांनी पुन्हा विषय काढला नाही. निघायच्या दिवशी आई एकटीच बांधावर जाऊन आली. तिच्या पायांना चिखल होता, आणि तो तिने नारायणगावला पोचेपर्यंत धुतला नाही.

त्या पावसाळ्यात पाणी चढलं. आम्ही तेव्हा हायवेलगतच्या दोन खोल्यांत राहत होतो. टोमॅटोचे क्रेट लादलेले ट्रक दिवसभर दारावरून जायचे. कुणी तरी सांगितलं, गाव पूर्ण गेलं, देवळाचा कळसही दिसत नाही. आईने ऐकलं आणि कणीक मळत राहिली. पण त्यानंतर तिच्यात काहीतरी बदललं. नाताळ, इस्टर ती नेहमीसारखं करायची. इस्टरनंतर चाळीस दिवसांनी, मे महिन्यात स्वर्गारोहणाचा गुरुवार येतो. प्रभू शिष्यांच्या डोळ्यांदेखत वर घेतला गेला आणि तसाच परत येणार, याची ती आठवण. त्या दिवशी आई जुन्नरला उपासनेला यायची नाही. डोकं दुखतंय म्हणायची.

एकदा पाळकसाहेब स्वतःच घरी आले. चहा झाला. त्यांनी आईला सरळ विचारलं, "बाई, याच दिवशी का येत नाही तुम्ही?"

आईने चहाची किटली बाजूला सारली. मग म्हणाली, "साहेब, तो वर गेला म्हणून गाणी म्हणायची. माझी तर खाली गेली. आधी मातीत, वर पाणी. तो हाक मारील, पण तिला तिथं ऐकू जाईल का?"

मला वाटलं, साहेब आता लांबलचक प्रवचन करतील. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "ऐकू कसं जाईल ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे, की तो नुसता आत्मा होऊन वर गेला नाही. अंगासकट गेला. हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या, त्या घेऊन गेला."

"हातांसकट?" आईने विचारलं.

"हातांसकट. आणि तसाच येणार आहे."

आई आपल्या हातांकडे बघत बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "मग हाक नाही ऐकली तरी उचलून घेईल."

पुढच्या वर्षीपासून ती त्या गुरुवारी यायला लागली. पण गीताच्या वेळी इतर बाया डोळे मिटायच्या तेव्हा ती उघड्या डोळ्यांनी खिडकीबाहेर बघायची. खिडकीतून लेण्याद्रीकडचे डोंगर दिसायचे आणि त्यांच्यावर मे महिन्याचं पांढरं, कोरडं आकाश.

मग दुष्काळाची वर्षं आली. मी तेव्हा कॉलेज संपवून मंचरला नोकरीला लागले होते. धरण तळाला गेलंय, जुनं गाव उघडं पडलंय, असं कळलं. स्वर्गारोहणाच्या गुरुवारीच आई म्हणाली, "आज तिकडे जाऊ."

आम्ही तिघं जीपने गेलो, मग पायी उतरलो. सगळीकडे भेगाळलेला गाळ. घरांची जोती तेवढी ओळखू येत होती. शाळेच्या पायरीवर वडील जरा वेळ उभे राहिले. हिरडा कुठंच नव्हता, बांधही नव्हता. लांबून एक माणूस काठी टेकत येताना दिसला. तेच बाबा होते. आता वरच्या वस्तीत राहत होते.

"दर साली येतो," ते म्हणाले. "पाणी हटलं की रान दिसतंय का बघाया. हितंच कुठंतरी व्हता बांध. पर गाळ लई बसलाय बाई, मला बी आता नेमकं सांगता येत न्हाई."

आई गाळात खाली बसली. एका जागी तळहात टेकवला, मग थोडं सरकून दुसऱ्या जागी. मला ते बघवेना. वडिलांनी टोपी काढून हातात धरली आणि प्रार्थना सुरू केली, पण मध्येच ते थांबले. पुढची प्रार्थना आईने पुरी केली. तिने काही मागितलं नाही. "प्रभू, तुला जागा माहीत आहे," एवढंच म्हणाली.

बाबा शेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी विचारलं, "बाई, तुमचा देव खरंच येणार हाय का माघारी?"

"येणार," आई म्हणाली.

"मंग त्याला माझं रान बी दावाया सांगा."

आई हसली. गाव सोडल्यापासून त्याच्या नुसत्या उल्लेखानेही तिचा चेहरा उतरायचा, आणि तिथं भर उन्हात गाळावर बसून ती हसली. "सांगते," म्हणाली. परतताना आई आणि ते म्हातारे बाबा पुढे चालत होते, कुणाच्या शेतात काय पिकायचं याची एकमेकांना आठवण करून देत.

काही वर्षांनी आई आजारी पडली. मी सुट्टी काढून नारायणगावला तिच्याजवळ राहिले. एका सकाळी तिचे केस विंचरताना मी म्हणाले, "आई, तू आता तिला भेटशील. वर."

तिने मान हलवली. "मला वर जायची घाई नाही गं. त्यानंच खाली यावं. आपल्या सगळ्यांना इथं, घरासमोर एकत्र उभं करावं. तू, पप्पा, ती. मला असं पाहिजे."

ती गेली तेव्हा तो आला नव्हता. तिला आम्ही जुन्नरला ठेवलं.

माझा विश्वास तिच्याइतका नाही. पुष्कळदा उपासनेत माझं लक्षही नसतं. पण सगळे मिळून, आपण काय मानतो ते सांगणारी विश्वासाची कबुली म्हणतात, आणि त्यातली तो परत येणार ही ओळ जवळ येते, तेव्हा माझा आवाज आपोआप घाई करतो आणि इतरांच्या आधी तिथं जाऊन पोचतो. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघतात. मला थांबता येत नाही.