बद्रीनाथ भाऊजींची अर्धी भाकर

बद्रीनाथ भाऊजींना पहिल्यांदा बघितलं तर तुमाला वाटंल, ह्यो मानूस कुठंतरी सोसायटीत कारकून असंल. बुटका, वाळका, शर्टाचं वरचं बटन लावल्यालं, डावा पाय ओढत चालनारा. सिरसाळ्याला थोडी जमीन, दोन-चार शेळ्या. कमांडो होते म्हनं! मी तर लग्नातच फिदीफिदी हसलेते. ह्यांना म्हनले, "ह्यो कमांडो? आमच्या गावातली कोंबडी बी भ्यायची न्हाई ह्याला."

हे मंजी माझे मालक, तानाजी. उंचेपुरे, रुबाबदार. दोघं एकाच पलटनीतले. कमांडो लोकांचं काम जोडीजोडीनं चालतं आन जोडीदाराला ते 'बडी' म्हनतात. काश्मीरच्या डोंगरात भाऊजींच्या मांडीत गोळी घुसली, तवा ह्यांनीच त्यांना पाठीवर टाकून खाली आनलं. तो पाय तवापासून ओढतो.

दोघांची एक खोड मातर लई जुनी. ताटात काय बी वाढा, अर्ध खायचं आन अर्ध बडीसाठी ठेवायचं. बाटलीतलं पानी बी अर्धच प्यायचं. त्यांच्या टोळीची शिस्तच होती तशी, कारन जोडीदार कुठं अडकला असंल, कधी येईल, काय भरोसा न्हाई. नोकरी सुटून घरी आले तरी हे भाकर मधोमध मोडायचे आन अर्धी गुंडाळून दुरडीत ठेवायचे. मंग उठता उठता तीच काढून खायचे. मी चिडायचे, "इथं कोन बडी येनारय तुमचा? मांजर?"

चिडायचे, पर बरं दिवस होते ते. पुढं गोदाकाठच्या एका वाळूवाल्यानं ह्यांना रखवालीला ठेवलं आन माझ्या घराचा इस्कोट झाला. मी म्हनले, नका जाऊ. भाऊजी सिरसाळ्याहून येऊन म्हनले, "नको बे तान्या, हे आपलं काम न्हाई." तर हे त्यांच्यावरच डाफरले, "पाय मोडला म्हनून घरी बसलास तू. मला न्हाई बसायचं." त्या दिवशी दोघांचं बोलनं तुटलं.

मंग व्हायचं ते झालं. वाळूच्या भांडनात ह्यांनी पिस्तूल काढलं. समोरचा ट्रॅक्टरवाला जिता राह्यला, पर त्याचा हात कामातून गेला. वाळूवाल्यानं काखा वर केल्या, आन हे पिस्तूल घेऊन नदीकाठच्या उसात घुसले. ऊस तर असला दाट की बैल घुसला तर सापडायचा न्हाई.

गावात पोलिसांच्या गाड्याच गाड्या. समोर कमांडो हाय म्हनल्यावर शिपाई बी भ्यालेले, आन भ्यालेल्या मानसाचं बोट आधी चाप दाबतं. मी देवाला एकच म्हनत होते, तुरुंगात घाल, हातकड्या घाल, पर जिता बाहेर आन.

तवा भाऊजी दारात आले. पानी सुदिक घेतलं न्हाई. म्हनले, "वहिनी, मी तान्याला धरायला आलोय."

माझं टाळकंच सरकलं. म्हनले, "लाज वाटती का न्हाई? ज्याच्या पाठीवर बसून जिते आलाव, त्यालाच धरायला आलाव? कावून? पोलिसांनी शाल-नारळ कबूल केलंय का?"

भाऊजी म्हनले, "मी धरला तर जिता येईल. दुसऱ्या कुनी धरला तर मला सांगता येनार न्हाई." आन म्हनले, "भाकरी थापा. बाजरीच्या, जाड. तेला आवडत्यात तशा."

मी थापल्या. रडत रडत थापल्या. भाऊजींनी एकेक भाकर फडक्यात बांधली, संगं पान्याची बाटली, आन उसाच्या कडंकडंनं पान्याच्या मोटारीच्या जितक्या खोल्या तितक्या ठिकानी ठेवून आले. मला वाटलं, उपाशी दोस्ताला खाऊ घालायलेत. मनातल्या मनात पाया पडले त्यांच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते एका खोलीपासलं फडकं घेऊन. सोडून दाखवलं तर आत अर्धी भाकर! मधोमध मोडलेली, पुन्हा नीट गुंडाळून ठेवलेली. बाटलीत बी अर्ध पानी. बाकी ठिकानच्या भाकरी तशाच्या तशा होत्या. हे जिते हायेत ह्ये कळून आधी जीव भांड्यात पडला, आन मंग एकदम डोक्यात उजेड पडला. मी किंचाळलेच, "माझ्या हातच्या भाकरीचं आमिष केलंत तुमी!"

"व्हय वहिनी, आमिषच. द्या शिव्या," भाऊजी म्हनले. "पर बघा तरी. पोटात आग पडलेली असताना मानसानं अर्धी मागं ठेवलीया. पिस्तूलवाला गुंड असता तर सगळी खाऊन गेला असता. तो अजून बडी हाय. मला मारायचा न्हाई तो."

"आन मारलं तर?"

"तर माझा हिशोब चुकला म्हनायचा," असं म्हनून चक्क हसले.

पोलिसांच्या साहेबांशी लई वाद घातला त्यांनी. शेवटी साहेब म्हनले, जा, पर माझी मानसं बांधावर बंदुका रोखून उभी राहतील. मी बी बांधावर गेले. एका शिपाईबाईनं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

भाऊजी हातात फकस्त ते फडकं घेऊन, पाय ओढत त्या खोलीपुढं गेले. उसाकडं पाठ करून उन्हात मांडी घातली आन ती अर्धी भाकर खायला लागले. सावकाश, चावून चावून. ऊस हालला. माझे मालक बाहेर आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्यांनी पिस्तूल भाऊजींच्या मानंला लावलं.

"कावून आलास बे?"

"भाकर खायला. माझ्यासाठीच ठेवलीस ना?" भाऊजींनी मागं बघितलं न्हाई का घास थांबवला न्हाई.

ह्यांची नजर भाऊजींच्या हातातल्या भाकरीवर गेली. मंग हे म्हनले, "सवयीनं घात केला बे बद्र्या," आन पिस्तूल मातीत टाकून खाली बसले. भाऊजींनी पिस्तूल लाथंनं लांब सारलं, ह्यांना उठवून मिठी मारली आन तसंच मिठीत धरून, उलट्या पावलांनी, बांधापत्तुर आनलं. सगळ्या बंदुकांच्या तोंडासमोर भाऊजींची ती वाळकी पाठ होती. माझा एवढा उंच मालक मान खाली घालून त्या पाठीमागं झाकलेला होता. तुमीच सांगा, असला मानूस पाह्यलाय का कुठं?

पर ह्यांच्या मनात आढी बसली. बडीनं दगा दिला, हेच धरून बसले. कोर्टाच्या तारखेला ह्यांना तुरुंगातून आनायचे, मी भाकर बांधून घेऊन जायचे. भाऊजी बी दर तारखेला सिरसाळ्याहून यायचे आन आवारातल्या कडुलिंबाखाली बसायचे. हे तिकडं बघायचे सुदिक न्हाई. आन भाकर? आख्खी खायचे. फडकं झटकून रिकामं माझ्या हातात द्यायचे. पर भाऊजी एक तारीख चुकले न्हाईत. मी म्हनायचे, जावा घरी, ते काय बोलायचे न्हाईत तुमच्याशी. तर म्हनायचे, "बसतो जरा. सावली चांगली हाय."

परवाच्या तारखेला ह्यांनी भाकर हातात घेतली, जरा बघत राह्यले, आन मधोमध मोडली. अर्धी खाल्ली. अर्धी फडक्यात गुंडाळून माझ्याकडं दिली.

ठावं होतं तरी मी विचारलं, "कुनाला?"

"लिंबाखाली बसलाय ना तो लंगडा. सकाळधरनं उपाशी असंल."

मी पळतच गेले. भाऊजींनी फडकं सोडलं, आन पिस्तूल मानंला लागलेलं असताना ज्याचा घास थांबला न्हाई, त्या मानसाला त्या दिवशी घास गिळंना.