सुपरवायझरसमोर विचारलेली गोळी

बालाजीची नाडी सेहेचाळीस भरली. "कबड्डी खेळता का हो?" मी विचारलं. खेळाडूंची नाडी सावकाश चालते, हे ज्ञान पाजळायची मला भारी हौस. बालाजी लातूरकडचा, राहायला कुरुळीत. चाकणच्या आमच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर फोर्कलिफ्ट चालवायचा. भोवळ येते म्हणून आला होता.

मी कंपनीचा डॉक्टर. बीपीची गोळी त्याला मीच चालू केलेली. तिने नाडी थोडी मंदावते, पण इतकी नाही. म्हणून विचारलं, "दुसरी कुठली गोळी चालू आहे?"

"नाही साहेब."

उत्तर मला दिलं, पण बघितलं सुपरवायझरकडे. आमच्याकडे कामगाराबरोबर सुपरवायझरही आत येतो. माणूस दवाखान्यात झोप काढेल, ही भीती. हे सुपरवायझर मोशीचे गडी. म्हणाले, "डॉक्टर, ह्याला काय बी झालं न्हाई. डिस्पॅच अडकलंय, सोडा लवकर."

सोडला. वर मीठ-साखरेचं पाणी पाजलं!

थोड्याच वेळात बालाजी स्टेअरिंगवर कोसळला. फोर्कलिफ्ट रॅकवर. माल गेला, माणूस वाचला.

हॉस्पिटलात त्याच्या बायकोने पर्समधून स्ट्रिप काढली. डिप्रेशनची गोळी. "कंपनीत कळलं तर गाडी काढून घेतील, असं हे म्हणायचे," ती म्हणाली.

आता माझा पराक्रम समजून घ्या. औषधं मोडून शरीराबाहेर काढायला लिव्हरमध्ये एन्झाइम असतात. डिप्रेशनच्या सगळ्या नाही, पण काही गोळ्या त्यातल्या एकाला जवळपास बसवूनच ठेवतात. माझी बीपीची गोळी नेमकी त्याच्याच हातून मोडायची. ती मोडेना, रक्तात साठत गेली. एक गोळी लिहून मी त्याला कित्येक गोळ्यांचा डोस देत होतो. बीपीचं औषध बदललं, नाडी ताळ्यावर आली. डिप्रेशनची गोळी तशीच ठेवली. तिचा त्याला गुण येत होता.

मग एचआरच्या मॅडम. "सर, थोडक्यात सांगा. माणूस मेंटल आहे का?"

"नाही. दोन गोळ्यांचं जमलं नाही. त्यातली दुसरी मी दिली."

"पण पहिली डोक्याचीच ना?"

मी व्हाइटबोर्डवर लिव्हर काढून दाखवलं. मॅडमनी फोटो काढला, "व्हेरी नाइस" म्हणाल्या. त्याच आठवड्यात कॉन्ट्रॅक्टरने बालाजीचा गेटपास बंद केला. माझा चालू आहे.

आता मी आधी सुपरवायझरला बाहेर काढतो, दार लावतो, मग गोळ्यांचं विचारतो. तरी पुष्कळ जण "नाही" म्हणतात. बालाजीचं काय झालं, ते सगळ्या शॉपफ्लोअरला माहीत आहे.